धावत्या गाडीतली चूल

रेल्वेतल्या जेवणाची निंदा सुरू झाली की मी खिडकीबाहेर पाहू लागतो. लांबच्या प्रवासात ती एकदा तरी होतेच. कुणीतरी ताटावरचा चंदेरी कागद सोलतो, खाली भात कडक, वरण म्हणजे पिवळं पाणी, भाजीत बटाट्याच्या दोन फोडी. मग शेजारचे चार जण आपापले अनुभव सांगतात आणि त्या निंदेवरच अनोळखी माणसांची दोस्ती होते. ते खरंच बोलत असतात. तरी मला त्यांच्यात सामील होता येत नाही. माझ्यापुढे आलेलं ताट मी मुकाट्यानं संपवतो, मान खाली घालून, कुणाचं तरी खात असल्यासारखं. बायको म्हणते, "तुम्ही गाडीत जेवता तेव्हा श्राद्धाच्या पंगतीला बसल्यासारखे दिसता." ती चेष्टेनं म्हणते, पण तिचं अगदीच चुकत नाही. गाडीतल्या ताटासमोर बसलो की समोरच्या बाकावर माझा बाप बसलेला असतो, मांडीवर पाण्याचा तुंबा घेऊन, उपाशी.

आमचं गाव चांदा जिल्ह्यातल्या मूलच्या पलीकडे, मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून होतं. आम्ही ढिवर. तलावात जाळं टाकायचं, पाणी आटलं की शिंगाडे काढायचे, धानाच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत मजुरी करायची, असं वर्षाचं चाक. घर दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं. दारात जाळी वाळत पडलेली असायची आणि त्यांचा वास घराला इतका लागला होता की शाळेत मास्तर मला मागच्या भिंतीशी बसवत. घरात चुलीचं राज्य मायचं होतं. मातीच्या गाडग्यात मासोळीचं कालवण रटरटायचं, जवसाच्या तेलाचा वास पाळीपर्यंत जायचा, आणि बा डोंग्यावरून तो वास घेऊनच जाळं आवरायला लागायचा. डोंगा म्हणजे एका खोडाची कोरलेली नाव. त्यावर उभं राहून जाळं फेकणं हे पाहण्यासारखं काम असतं. गुडघे सैल, अंगठ्यांनी लाकूड धरलेलं, आणि कमरेवरचं अंग असं स्थिर की डोक्यावर भरली घागर ठेवली तरी सांडू नये. बाचं नाव लटारी. पंचक्रोशीत त्याच्यासारखं डोंग्यावर उभं राहणारं कुणी नव्हतं, हे मी लेक म्हणून सांगत नाही. इतर ढिवरही तसं म्हणत.

त्या वर्षी माझी मोठी बहीण शेवंता पोळ्याला माहेरी आली आणि परत गेली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, धान कापून झालं, घराघरात नव्या तांदळाचा वास सुटला, तरी ती आमच्याचकडे. बा तिला पाठवत नव्हता. कारण तिचा नवरा, माझा भाटवा, देवाजी. लग्न झालं तेव्हा तो आमच्यासारखाच डोंग्यावरचा माणूस होता. मग त्याच्या गावच्या तलावाचा ठेका कुणा बाहेरच्यानं घेतला आणि तो बल्लारशाला जाऊन रेल्वेत लागला. रेल्वेत म्हणजे इंजिनावर नव्हे, झेंडी दाखवायलाही नव्हे. मद्रासहून दिल्लीला जाणाऱ्या मोठ्या गाडीला जेवणाचा एक डबा असायचा, तिथे ठेकेदाराच्या हाताखाली आधी भांडी घासायला आणि मग रांधायला. गावात ही बातमी आली तेव्हा लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं. पुरुषानं चूल सांभाळायची! त्याला नाव पडलं, 'गाडीतला रांध्या'. विहिरीवर बाया शेवंताला विचारायच्या, "काऊन वो, तू जाऊन जाळं टाकतं का मंग?" त्या हसण्यात मीही होतो. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, मित्रांमध्ये भाटव्याची नक्कल करून दाखवणारा.

बा हसत नव्हता. त्याचं दुखणं वेगळं होतं. तो म्हणायचा, "रांधते तं रांधो. हाताले का होते? पन त्याची सोताची चूल कुठी हाय? आठ-आठ दिस तो गाडीत. पोरगी त्या खोलीत एकटी. चूल थंडी पडली तं घर कायचं?" माय काही बोलायला गेली की तो एकच वाक्य म्हणायचा, "चूल ज्याच्या हाती, घर त्याचं. त्याच्या हाती लोकायची चूल हाय."

शेवंता यावर कधीच काही बोलली नाही. ती पहाटे उठायची, शेण-पाणी करायची, मासोळ्या निवडायची. फक्त एक नवी खोड तिला लागली होती. मोठी मरळ हाती आली की ती तिची फोड करताना पाठीच्या बाजूनं सुरी घालायची, काट्याचा सगळा सांगाडा फणीसारखा उचलून बाजूला ठेवायची आणि उरलेला बारीक काटा बोटाच्या टोकानं चाचपून एकेक उपटायची. इतकं करायला वेळ लागायचा. माय चिडायची.

"काटे काढून मासोळीचं का राह्यते वो? आमी का म्हातारे झालो?"

"सवय लागली, माय."

"कुठी लागली अशी सवय?"

तो बिनकाट्याचा तुकडा शेवंता कालवणात टाकायची आणि तो ज्याच्या वाट्याला यायचा तो म्हणायचा, ही मासोळी आहे की पनीर? बा तर एकदा तोंडातून काढून पाहत बसला. त्याला काट्याशिवाय खाताना जीभ पोरकी झाल्यासारखी वाटायची.

शेवटी तोडगा मायनंच काढला. एका सकाळी बा जाळ्याच्या गाठी मारत होता, माय त्याच्या पुढ्यात पेजेचा वाडगा ठेवून तिथेच बसली. म्हणाली, "लग्नाच्या आधी घर पाहाले गेल्ते का नाई?"

"गेल्तो."

"कोनाचं पाह्यलं?"

"त्याच्या बापाचं."

"मंग आता घर बदललं ना. नवं घर पाह्यल्याबिगर पोरगी ठेवून घेतली, हे कोनत्या जातीत बसते? पाहून या. पसंत नाई पडलं तं मी नाई म्हननार पाठवा."

घर पाहणं ही आमच्याकडे गंभीर गोष्ट. मुलीचा बाप जातो, मुलाच्या घरची आढी, कणगी, गुरं, विहीर पाहतो, आणि मुख्य म्हणजे चूल पाहतो. ती रोज सारवलेली आहे का, भोवती किती माणसं जेवतात. बाला मायचं म्हणणं टाळता येईना. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तू चाल संगं. पाट्या वाचाले." आणि त्यानं तुंबा धुऊन पाण्यानं भरला. हा तुंबा म्हणजे पिकल्या भोपळ्याचं वाळवलेलं पात्र. तो सोबत घेण्याचं कारण असं की मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नसतं. बा त्याच्याही पुढचा. तो लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पीत नसे. मायनं तांदळाच्या भाकरी आणि सुक्या झिंग्यांची चटणी बांधून दिली. शेवंता दारात उभी राहून ते सगळं पाहत होती. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "त्याईले सांगजो, थंडी हाय, गाडीच्या दारात उभे राहत नका जाऊ."

मूलहून छोटी गाडी होती, बैलबंडीशी शर्यत लावावी अशी. तिनं आम्हाला चांद्याला सोडलं. तेव्हा चंद्रपूर कुणी म्हणत नसे. मग कोटाच्या वेशीतून शहर ओलांडून मोठ्या लाइनीचं स्टेशन, आणि तिथून बल्लारशा. देवाजीची खोली रेल्वेच्या चाळीत होती. तो दारातच उभा होता, कपडे पांढरे, हात धुऊन धुऊन पांढुरके पडलेले. त्यानं वाकून बाच्या पायांना हात लावला आणि खाट पुढे केली. बा बसला नाही. सरळ आतल्या कोपऱ्यात गेला, जिथे शेवंतानं घातलेली चूल होती. मी मागून डोकावलो. चुलीत राख नव्हती, लाकूड नव्हतं. चुलीत एक भुरी मांजर तीन पिलांना घेऊन पडली होती.

मांजर आमच्याकडे बघत राहिली.

"पिल्लं लहान हायेत, मामाजी," देवाजी म्हणाला. "म्हनून पेटवली नाई."

"कई व्याली?"

"दिवाळीच्या मागंपुढं."

"मंग दिवाळीपासून जेवता कुठी?"

"गाडीत."

बानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळा निकाल होता: पाहिलं घर, चाल परत. मला आठवतं, मला त्या वेळी देवाजीची कीव आली नाही, उलट गावात जाऊन हा मांजरीचा किस्सा कसा रंगवून सांगायचा याची जुळवाजुळव मनात सुरू झाली. बा उंबऱ्यापर्यंत आला तेव्हा देवाजी वाट अडवून उभा राहिला. अडवून म्हणजे बाजूला न होता. एरवी तो कधी मान वर करून बोलायचा नाही.

"मामाजी, चूल पाहाले आले ना तुमी? ही माही चूल नाई. माही चूल दुपारच्या गाडीनं येते. वर्ध्यापर्यंत चला. पाहा. मंग जे म्हनसान ते."

आम्ही गेलो. त्याच्या मॅनेजरनं, एका जाड्याजुड्या मद्रासी गृहस्थानं, आम्हा दोघांना वरून खालून पाहिलं, देवाजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातानं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. गाडी सुटली. त्या काळी एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नसे. जेवणाच्या डब्यात चढलं की पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथेच.

मी आजवर पुष्कळ पाहिलं, देवळं पाहिली, मुंबईचा समुद्र पाहिला. पण त्या डब्यात पाऊल टाकताना जे वाटलं ते पुन्हा वाटलं नाही. खिडक्यांना पडदे. टेबलांवर कडक पांढरी कापडं, इतकी पांढरी की बानं टेकलेला हात पटकन उचलला आणि धोतराला पुसला. काचेचे पेले, आणि ते सगळे एकाच वेळी बारीक किणकिणत होते, गाडीच्या लयीवर, जणू डब्याला स्वतःचा श्वास होता. फेटे बांधलेले बेअरे हातात चार-चार ताटं घेऊन अरुंद वाटेनं जात होते आणि गाडी वळणाला झुकली की तेही तिच्याबरोबर झुकत होते. वाफ, मिरी, तूप, कांदा आणि दगडी कोळसा यांचा मिळून एक वास होता. कोळसा आमच्याच चांद्याच्या खाणींतला, पण त्याला असा वास येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आमचं टेबल रसोड्याच्या दाराशी होतं. दार हुक लावून उघडं ठेवलेलं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. भिंतीला लागून लोखंडाची भट्टी, पुरुषभर लांब, तिच्या पोटात लाल निखारे. वर एका ओळीत पातेली, आणि ती घसरू नयेत म्हणून भट्टीच्या कडेनं लोखंडी कठडा. तिच्यापुढे देवाजी उभा होता. आमच्या घरी खालमानेनं बसणारा, गावात ज्याची मी नक्कल करायचो तो. त्यानं नुसता हात पुढे केला की दुसऱ्यानं त्यात झारा द्यावा. एकीकडे तो मद्रासकडच्या लोकांसाठी आंबट रसाला फोडणी देत होता, दुसरीकडे दिल्लीच्या लोकांसाठी रस्सा ढवळत होता, मध्येच तव्यावर काहीतरी उलटत होता. वरोऱ्याच्या अलीकडे गाडीनं मोठा हिसका दिला. पेले एकमेकांवर आदळले, एका बाईच्या हातातला चमचा खाली पडला. देवाजीच्या हातात त्या वेळी काठोकाठ भरलेलं पातेलं होतं. तो गुडघ्यात जरा वाकला. पातेलं जागचं हललं नाही.

बा बाकावर पुढे सरकला. "पाय पाह्य त्याचे," तो मला हळूच म्हणाला.

मी पाहिले. देवाजी अनवाणी होता. पायांत अंतर, गुडघे सैल, अंगठ्यांनी फळी धरलेली. डोंग्यावरचा माणूस.

मग बेअऱ्यानं आमच्यापुढे दोन ताटं आणून ठेवली. आधी मिऱ्याचं सूप आलं होतं, ते मी पिऊन टाकलं होतं आणि बाचं तसंच निवत होतं. ताटात पांढरा भात, लाल रस्सा, बटाट्याचा कटलेट, पावाचे दोन तुकडे, लोणी, आणि मधोमध तळलेला मासोळीचा तुकडा, वर पावाचा सोनेरी चुरा. मी खायला लागलो होतो. हे मला लिहायलाच हवं की मी थांबलो नाही, बाच्याकडे पाहिलंही नाही. तो चुरा दाताखाली फुटला आणि आतून मरळीचं मऊ, पांढरं, गरम मांस निघालं. आमच्या तलावाची मरळ मी जन्मभर खाल्ली होती, पण हे जणू तिचं लग्नातलं रूप होतं.

बानं आपल्या ताटातला तुकडा बोटानं उलटा केला. दाबून पाहिला. बोटाच्या टोकानं एका बाजूनं दुसरीकडे चाचपला.

"याचे काटे कुठी गेले?"

देवाजी दारात येऊन उभा होता. फडक्याला हात पुसत म्हणाला, "काढले, मामाजी. साहेब लोकायच्या घशात अटकत होते. एकदा एका बाईच्या अटकला तं मॅनेजर मले काढूनच टाकत होता."

"कोनं शिकवलं हे?"

"शेवंतानं."

बानं मान वर केली.

"मी भांडे घासत होतो तवा. मले तवा सुरी धरता येत नोयती. तिनं मरळ आनली, खोलीत बसून पाठीकून फाडली, म्हने असं करून पाहा. बोटानं चाचपून काटा काढाचा, हे बी तिचंच. आता दिल्लीपर्यंत लोक खाते आन् मले म्हन्ते, वा कुक! तिचं नाव कोनालेच माईत नाई." एवढं बोलून तो अवघडला. "थंडं होऊन राह्यलं, मामाजी. घ्या ना."

बानं ताट हलक्या हातानं, दोन बोटांनी, पुढे सारलं. मग मांडीवरचा तुंबा उचलला आणि आपलं पाणी प्यायला.

देवाजीचा चेहरा मी पाहिला. घास माझ्या तोंडात होता. तो काय समजला असेल हे मला लगेच कळलं, कारण गावात तेच बोललं जायचं: हा सगळ्या जातीधर्मांची ताटं उचलतो, ह्याच्या हातचं कसं चालणार? तो म्हणाला, "मामाजी, बाटते असं वाटते का तुमाले?" आवाज इतका खाली होता की पेल्यांच्या किणकिणीत विरून गेला. बाला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. देवाजी वळला आणि भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. झारा हातात, पण ढवळत काहीच नव्हता.

पलीकडच्या टेबलावर नागपूरचे एक वकील बसले होते, काळा कोट खुंटीला लावून. त्यांनी चमचा खाली ठेवला. "काय हो भाऊ, मुलगा एवढा ताव मारतोय आणि तुम्ही उपाशी? उपास आहे का?"

"उपास नाई, साहेब. लेकीचं घर हाय."

"लेकीचं? कुठे?"

"हेच." बानं हातानं डबा दाखवला, पडदे, पेले, भट्टी, सगळं. "तिले अजून लेकरू नाई झालं. मी कसा जेवू?"

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. "अहो, गाडी सरकारची! ठेका ठेकेदाराचा! तुमच्या जावयाचं घर कसं होईल हे?"

"गाडी असन सरकारची," बा म्हणाला. तो ठासून बोलत नव्हता, एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं बोलत होता. "पन चूल ज्याच्या हाती, घर त्याचं. ही फोड माह्या पोरीची हाय. मी तिच्या हातची फोड ओळखत नाई का? माह्याच घरी रोज करते ते. आमी तिले बोलत होतो."

आत झारा पातेल्याच्या काठावर वाजला. देवाजी आमच्याकडे पाठ करूनच उभा होता. त्याचे खांदे मात्र एकदा वर होऊन खाली आले. मग तो बाहेर आला, बाचं ताट उचललं आणि माझ्यापुढे आणून आदळलं. डोळे पुसलेले दिसत होते, पण तोंडावर हसू होतं.

"घ्या साळेबुवा. भावाले तं बंधन नसते ना? बापाचंई तुमीच खा. गावात माही लय नक्कल करता म्हन्ते, त्याले ताकद लागन."

मी शरमेनं लाल झालो. कुणी सांगितलं असेल? शेवंतानंच. आणि ती शरम गिळत गिळत मी दुसरं ताटही खाल्लं.

बाला आता वेगळीच भूक लागली होती. तो टेबलावर कोपर टेकून माझ्या तोंडाकडे बघत होता. "सांग ना, कसं लागते?" मी म्हटलं, चांगलं. "अबे चांगलं तं दिसतेच. तो लाल रस्सा कसा हाय? आपल्यावानी तिखट का गोड?" मी म्हटलं, चांगला आहे. "आन् ते सूप? ते मासोळीवरचं पिवळं का हाय?" मला सांगायचं होतं. पण तोंडात घास होता, आणि तो संपला की लगेच दुसरा घ्यावासा वाटत होता, आणि मला शब्दही सापडत नव्हते. आमच्या घरात चवीबद्दल बोलायची पद्धतच नव्हती. मीठ कमी आहे किंवा नाही, एवढंच. शेवटी काचेच्या वाटीत थरथरणारं, गुळाच्या रंगाचं पुडिंग आलं. दूध आणि अंडं आणि जळलेली साखर. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा बा तसाच माझ्याकडे बघत होता, तोंड किंचित उघडं. मी म्हणालो, "चांगलं हाय, बा." आणि वाटी चाटून पुसून संपवली.

वर्ध्याला उतरलो. फलाटावर बानं एका खांबाआड बसून मायनं बांधलेली कोरडी भाकर खाल्ली, चटणी लावून, आता लेकीचं घर संपलं म्हणून. देवाजी दारात उभा होता. गाडी हलली तेव्हा बा उठून दोन पावलं तिच्याबरोबर चालला.

"जवईबापू," तो ओरडला, "त्या मांजरीले दुसरी जागा करा!"

देवाजीला ते कळायला क्षण लागला. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि दाराचा दांडा धरायचं विसरला. तेव्हा मला शेवंताचा निरोप आठवला, मी ओरडलो, "दारात उभे राहू नका म्हन्ते!" पण गाडी पुढे गेली होती.

घरी पोहोचल्यावर बानं पाळीवर माणसं गोळा करून त्या डब्याचं वर्णन केलं. पेल्यांचा आवाज त्यानं तोंडानं काढून दाखवला. हिसका बसला तेव्हा देवाजी कसा उभा होता, ते त्यानं डोंग्यावर चढून दाखवलं. 'रांध्या' हा शब्द त्या दिवसापासून निदान आमच्यासमोर कुणी काढला नाही. पण मायनं विचारलं, "जेवन कसं होतं?" तेव्हा त्यानं माझ्याकडे बोट केलं, "त्याले इचार. त्यानं माह्याही वाट्याचं खाल्लं." सगळे माझ्याकडे वळले. शेवंताही, हातातली सुरी थांबवून.

"चांगलं होतं," मी म्हणालो.

"दोन ताटं हाणले आन् चांगलं होतं म्हन्ते!" मायनं कपाळावर हात मारला. सगळे हसले. शेवंताही हसली, पण तिला जे ऐकायचं होतं ते तिला मिळालं नाही, हे मला दिसलं. दोन दिवसांनी ती गेली. सोबत मायनं टोपलीभर तलावाची चिकण माती दिली, नवी चूल घालायला. ती मांजरीसाठी जुनी चूल तशीच ठेवणार होती.

त्यानंतरची काही वर्षं मी ते ताट मनात पुन्हा पुन्हा खाल्लं. बाच्या समोर बसून एकदा सगळं नीट सांगावं असं वाटायचं: सूप जिभेला आधी गोड लागतं आणि घशात गेल्यावर पेटतं, रश्श्यात खोबरं नव्हतं, दही होतं. पण आम्ही दोघं तलावावर जायचो, जाळं ओढायचो, घरी यायचो, आणि मी काही बोलायचो नाही. त्याच्या भुकेवर आपण जेवलो, हे मला तेव्हापासून प्रत्येक ताटाशी जाणवतं. ते वाटणं बरोबर आहे असा माझा दावा नाही. तो स्वखुशीनं उपाशी राहिला होता, अभिमानानं राहिला होता. पण पोटाला असल्या गोष्टी कळत नाहीत.

मग शेवंताला मुलगा झाला. बारसं उरकल्यावर देवाजीनं बाला पुन्हा वर्ध्यापर्यंत नेलं, आणि मीही सोबत गेलो. तोच कोपरा, तेच कापड, तीच किणकिण. देवाजीनं आतून स्वतः ताट आणलं, एकच. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला भूक नाही. बानं हात धुतले, ताटाला नमस्कार केला, आणि मासोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला. तो चावत होता. त्याचे डोळे मिटत चालले होते. गाडी एका पुलावरून जात होती, खाली नदीचं पात्र, आणि सबंध डबा गुणगुणत होता.

"कसं लागते, बा?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडले. तोंड भरलेलं होतं. त्याला सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. हात वर आला, बोटं एकत्र झाली, काहीतरी दाखवायचं असल्यासारखी हवेत थांबली. पुन्हा खाली आली.

"चांगलं हाय," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.

देवाजी दारात हसत उभा होता. मी खाली पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की बाच्या मांडीवर काही नव्हतं. त्यानं तुंबा आणलाच नव्हता. जेवण झाल्यावर त्यानं टेबलावरचा काचेचा पेला दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडे धरून एकदा पाहिला, आणि लेकीच्या घरचं पाणी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.